तक्कडीचा पैसा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या सप्तापुरातली पोरं अजूनही मोठ्यानं वाचतात. सगळी नाही, पुष्कळशी आता नुसती पुस्तकाकडं बघत बसतात आणि त्यालाच अभ्यास म्हणतात. पण मागच्या गल्लीत एक मुलगी आहे, दहावीची. सकाळी साडेसहाला ती गच्चीवर येरझाऱ्या घालत इतिहास घोकते. लढाई, तह, कलमे. पुन्हा लढाई, पुन्हा तह. सूर एकच, दळण दळल्यासारखा. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी बसते आणि मनात म्हणते, अगं बाई, हळू. आणि ती दम खायला थांबली की मला चैन पडत नाही.

हा हंगामच मला सोसत नाही. करंजाची पानं गळून अंगणभर होतात, आंब्याच्या मोहोराचा तो आंबूस गोड वास येतो, दुपारी तांबडी धूळ उठते आणि शाळेची घंटा नेहमीपेक्षा लांबवर ऐकू येते. लोक म्हणतात, धारवाडची हवा काय छान! असेल की. मला मात्र या हवेत आरारुटाचा वास येतो, आणि ओल्या हळदीचा. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी येतो. त्याला काय करायचं?

मी स्वतः तीस वर्षं मुलींना इतिहास शिकवला. 'कारणे सांगा, परिणाम सांगा' असं फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले. एखादी गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे ती दुसरीमुळे घडली असं नव्हे, हे मी दर वर्षी ठासून सांगत असे. मुली माना डोलवायच्या. मी घरी यायची, पाय धुवायची, देवघराकडं बघायची आणि माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

माझा भाऊ अण्णा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते, तो मॅट्रिकला होता. अप्पा, म्हणजे आमचे वडील, कोर्टात कारकून. घर भाड्याचं, दोन खोल्या आणि पुढं एक पडवी. अण्णाचं गणित चांगलं, संस्कृत बरं, पण इतिहास म्हटला की त्याचं तोंड कडू व्हायचं. सनावळ्या त्याच्या डोक्यात थांबायच्याच नाहीत. "एका कानानं घेतो आणि दुसऱ्यानं सोडतो हा," असं अप्पा म्हणत. तीस वर्षांत वर्गात मी ते वाक्य कुणा मुलीला म्हटलं नाही.

कारण अण्णाचे कान म्हणजे कान होते! गल्लीत टांगा शिरला की घोडा कुणाचा ते तो आतून सांगायचा. आईच्या बांगड्यांवरून ती रागावलीय की नुसतीच घाईत आहे, हे त्याला कळायचं, आणि त्याप्रमाणे तो मागच्या दारानं पळायचा. नाक्यावरचा किराणावाला रुपया घेताना खरा-खोटा बघायला दगडावर आपटून घ्यायचा, तेव्हा सगळेच तसं घ्यायचे. त्याला शंका आली की तो हाक मारी, "ए अण्णा, बा इल्लि, हे बघ रे जरा." अण्णा जाऊन रुपया वाजवायचा, मान कलती करायचा आणि निकाल द्यायचा. त्याच्या निकालावर अपील नव्हतं. बदल्यात गुळाचा खडा मिळायचा, त्यातला अर्धा माझा.

पगाराच्या दिवशी आमचा खेळ असायचा. अप्पांनी आणलेले रुपये तासभर आमच्या ताब्यात. अण्णा भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. मी पडवीतल्या शहाबादी फरशीवर एकेक रुपया टाकायची. "राणीछाप," तो म्हणायचा. मग, "टकल्या राजा." मग, "दाढीवाला, मुकुटाचा." एकदाही चुकायचा नाही. मी चिडून तोच रुपया दोनदा टाकायची, तर म्हणायचा, "सिंधे, लबाडी करू नकोस, हा मघाचाच."

मग लढाईतले नवे रुपये आले. त्यातला पहिला मी टाकला तेव्हा अण्णा भिंतीकडून वळला, रुपया उचलला, स्वतः वाजवला. "हा आजारी आहे गं," तो म्हणाला. अप्पा आतून हसले. पुढं महिन्याभरानं कोर्टातल्या वकिलांकडून त्यांना कळलं की सरकारनं रुपयातली चांदी निम्मी केलीय. अप्पा घरी आले ते दबक्या आवाजात बोलत, "पोराच्या कानानं सरकारला पकडलं की हो! बाहेर बोलू नका, भिंतीलाही कान असतात." आईला काही याचं कौतुक वाटलं नाही. "कानाचे मार्क देतात का मॅट्रिकला?" असं तिनं विचारलं.

त्या प्रश्नावरून मला कल्पना सुचली. माझीच कल्पना होती ती, अण्णाची नव्हे. पुढं जे झालं त्याचा हिशेब करताना मी हे कधी विसरत नाही. मी म्हटलं, "अण्णा, तू सनावळ्या पाठच करू नकोस. वाजव." जुनी नाणी जमवायची. ज्याच्या काळात जे नाणं, त्याच्यावर तो काळ शिकायचा. चांदीचं आम्हाला परवडणार नव्हतंच. तांब्याचे, बाद झालेले, कंपनी सरकारचे आणि राणीच्या वेळचे पैसे जमवायचे, असं ठरलं.

अप्पा महिन्याकाठी एकदा हुबळीला जायचे, त्या वर्षी आम्हीही त्यांना चिकटलो. पेट्रोल मिळत नव्हतं, सर्व्हिसची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं एक भट्टी लावलेली. रायापूरपाशी ती हमखास दमायची. मग क्लीनर उतरून भट्टीत सळई घालायचा आणि आम्ही सगळे उतरून शेंगा खात उभे. हुबळीत शिरलं की कापूस! सुगी होऊन गाड्याच्या गाड्या आलेल्या असायच्या. रस्त्याच्या कडेला, गटारात, बैलांच्या शिंगांना, बायकांच्या अंबाड्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. अण्णा डोळे मिटून जिनिंगच्या भोंग्यांवरून सांगायचा, ही अमक्या गिरणीची सुट्टी, ही तमक्या. मला सगळे भोंगे सारखेच.

दुर्गदबैलाच्या बाजारात एका कोपऱ्यावर हुसेनबी नावाची म्हातारी गोणपाट पसरून भंगार विकायची. फुटके तांबे, दांडा गेलेल्या पळ्या, कुलपं, आणि एका मडक्यात जुने पैसे. ते ती मोजून देत नसे, तोलून देई. अण्णानं पहिल्याच दिवशी विचारलं, "राणीचा केवढ्याला, कंपनीचा केवढ्याला?" तर ती पोट धरून हसली. "राजा-रानी का कुछ नै जी. तांबे का दाम है." लढाईमुळं तांबं महागलं होतं, नाहीतर तेवढंही पडलं नसतं. अप्पांकडून चार आणे मिळायचे, त्यात छटाकभर इतिहास यायचा.

घरी आणून आम्ही तो धुवायचो. घासायचो नाही, घासलं की अक्षर जातं, हे आम्ही एका पैशाचा बळी देऊन शिकलो होतो. पडवीत फडकं पसरून त्यावर ओळ लावायची. एका पैशावर राणी नुसती राणी होती. दुसऱ्यावर चेहरा तोच, केस तसेच, पण आता ती सम्राज्ञी. "मधे काय झालं?" अण्णानं विचारलं. मी पुस्तक काढलं आणि मधे काय झालं ते वाचून दाखवलं. त्याला ते एकदाच ऐकून पाठ झालं. एक पैसा तर कंपनीचा असा होता की त्यावरचं साल आणि कंपनीचं राज्य बुडाल्याचं साल एकच. टांकसाळीत ठोकला आणि धनी मेला. अण्णाला त्या पैशाची फार दया यायची. तो वाजवून म्हणायचा, "बघ की, ह्याला अजून बातमी कळलेली नाही."

आणि एक होता तक्कडीचा. तक्कडी म्हणजे तागडी, कानडीत तसं म्हणतात आणि आमच्या घरात अर्धी भाषा तीच. कंपनीचाच, जाड, जडसर पैसा. त्यावर तागडी कोरलेली, दोन पारडी सारखी, आणि मधे मुसलमानी अक्षरं. आम्ही तो मडक्यातून काढला तेव्हा हुसेनबीनं डोळ्याजवळ नेऊन वाचला. "अदल," ती म्हणाली. "इन्साफ." मग तिनं तो पैसा आपल्या खऱ्या तागडीत टाकला आणि म्हणाली, "इन्साफ लिख को तराजू अपने हात में रखे, देखो!" आमचा मुलुख कंपनीकडं कसा गेला यावर मी पुढं वर्गात तासच्या तास घेतले, पण त्या म्हातारीपेक्षा नेमकं मला कधी बोलता आलं नाही. तो पैसा फरशीवर टाकला की मोठ्या घंटेच्या शेवटी उरतो तसा आवाज यायचा, खाली, बराच वेळ टिकणारा. अण्णाचा जीव त्या पैशावर. आणि खरं सांगायचं तर माझाही.

त्याच खेपेत एक बद्द्या आला होता. नाव अण्णानंच ठेवलेलं. कंपनीचाच पैसा, पण दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झिजलेला, कडेला बारीक चीर. टाकला की लाकडावर पडल्यासारखा बद्द वाजायचा. "हा कुठल्या काळातला ते ह्यालाच आठवत नाही," असं अण्णा म्हणायचा. फेकवत नव्हता म्हणून डब्यात राहिला.

जानेवारीत सराव परीक्षा झाली आणि अण्णाला इतिहासात पहिल्यांदा पन्नासांच्या वर मार्क मिळाले. अप्पांनी तो पेपर कोर्टात नेऊन दाखवला म्हणे. आईनं शिरा केला. मी इतकी फुशारले होते की चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

फेब्रुवारीच्या शेवटी अण्णा शाळेतून आला तो भिंत धरून. डोकं दुखतंय म्हणाला. दोन दिवस काढा झाला, तिसऱ्या दिवशी डॉक्टर. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि बाहेर येऊन अप्पांना म्हणाले, मुदतीचा ताप आहे. तेव्हा त्या तापाला औषध नव्हतं हो. मुदत भरायची वाट बघायची, बस. सात दिवस, चौदा दिवस, एकवीस दिवस. डॉक्टर टांग्यातून येत, नाडी बघत, आईला "हेदरब्याड्री, अव्वा" म्हणत, आणि भिऊ नका म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच भीती असली की काय करायचं, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णाचे केस काढले. कपाळावर ओल्या पट्ट्या. पाजायला आरारूट आणि बार्लीचं पाणी. तापात तो बडबडायचा, ती सगळी नाणीच. "टाक, टाक," म्हणायचा, "ओळखतो मी." आणि बाहेर करंजाखाली त्याच्या वर्गातली पोरं फेऱ्या मारत मोठमोठ्यानं लढाया आणि तह वाचत असायची. अप्पा एकदा बाहेर जाऊन त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. पोरं पुढच्या झाडाखाली गेली. तिथूनही ऐकू येतच होतं.

अठराव्या दिवशी दुपारी डॉक्टर लवकर गेले आणि जाताना आईशी बोललेच नाहीत. आई उठली, विहिरीवर गेली, डोक्यावरून दोन घागरी ओतून घेतल्या आणि ओलेत्यानं देवघरात आली. आमचा कुळस्वामी गिरीचा, लांब डोंगरावरचा व्यंकोबा. घरात कुणी असं अत्यवस्थ झालं की त्याच्या नावानं नाणं हळदीच्या फडक्यात बांधून देवापुढं ठेवायचं, माणूस उठलं की ते गिरीला नेऊन हुंडीत, देवाच्या दानपेटीत, घालायचं. आमच्याकडं याला मुडुपू म्हणतात. एकदा गाठ मारली की ती मधे सोडायची नाही. सोडली तर नवस मोडला.

"सिंधू, एक नाणं आण," आई म्हणाली.

आता ऐका कशी वेळ असते ती. घरात नोटा होत्या. नाक्यावरच्या किराणावाल्यानं सुट्ट्यांऐवजी दिलेली पोस्टाची तिकिटं होती, कारण त्या दिवसांत गावात सुटे पैसे दिसेनासे झाले होते. आणि चार नवे पैसे होते, मधे भोक असलेले. सरकारनं तांबं वाचवायला तसेच काढले होते. मी ते नेले. आईनं हात मागं घेतला. "भोकाचं देवाला बांधत नाहीत गं! तुमच्या डब्यातलं दे एक. जुनं असू दे. पण चांगलं बघून दे."

मी पडवीत आले. डबा उघडला. दंतमंजनाचा पत्र्याचा डबा, गोल. वरच तक्कडीचा होता. मी तो उचलला. तळहातावर गार लागला. आतून अण्णाचा श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा. आणि मी, सोळा वर्षांची घोडी, विचार करत उभी राहिले. मी स्वतःला सांगितलं की अण्णा बरा होईल, उठेल आणि पहिलं हेच मागेल. मग काय सांगू? हे मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं, तेही सांगून टाकते आता, लपवून कुणाकडं न्यायचंय? मला तो पैसा द्यायचा नव्हता. माझाच जीव त्याच्यात अडकला होता. मी तक्कडीचा खाली ठेवला आणि बोटांनी चाचपून बद्द्या काढला.

आईनं बघितलंच नाही. तिचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते, केसांतून पाणी गळत होतं. तिनं हात पुढं केला, मी त्यावर ठेवला, तिनं तो पिवळ्या ओल्या फडक्यात टाकून गाठ मारली. एक, दोन, तीन. "व्यंकोबा, पोरगं तेवढं परत दे," एवढंच म्हणाली. अप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "कंपनी सरकारचा ना गं? बाद झालेला." आई म्हणाली, "देवाकडं काही बाद होत नाही." झालं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

बाविसाव्या दिवशी ताप उतरला. आई देवापुढं बसून जी रडली, ती मग हसायलाच लागली. शेजारणी आल्या, दृष्ट काढली. अण्णा नुसता डोळे उघडून बघत होता, कुणी बोललं की त्याच्याकडं, दुसरं बोललं की त्याच्याकडं. अशक्तपणा आहे, असं सगळे म्हणाले.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी त्याला पडवीत आणून बसवलं, उशीला टेकवून. समोरून त्याच्या वर्गातली पोरं चालली होती, टोप्या घालून, दौती सांभाळत. दोघा-तिघांनी "अण्णा!" म्हणून हाका मारल्या. त्यानं बघितलं नाही. रुसलाय, असं मला वाटलं. मग लांब शाळेची घंटा झाली. तो मला म्हणाला, "अजून घंटा कशी होत नाही?" आणि म्हणाला, "डबा आण."

मी डबा आणला. त्यानं राणीचा पैसा काढून फरशीवर टाकला. स्वच्छ वाजला. त्यानं तो उचलला, पुन्हा टाकला. मग कंपनीचा. मग धनी मेलेला. एकेक टाकत होता, मान कलती करत होता आणि माझ्याकडं बघत होता. शेवटी तक्कडीचा टाकला, जरा उंचावरून. तो मोठा, खाली, लांब चालणारा आवाज पडवीभर झाला, स्वयंपाकघरातून आई डोकावली इतका. अण्णानं तो उचलून उलटसुलट पाहिला.

"सिंधे," तो म्हणाला, "सगळी बद्द झाली का गं? डबा ओल्यात ठेवला होतास?"

मी काय बोलले कोण जाणे. बोलले ते त्याला कळलं नाही, एवढं नक्की. तो माझ्या ओठांकडं बघत राहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं, ते मला शत्रूच्याही तोंडावर बघायला नको. त्यानं पैसे एकेक करून डब्यात भरले. घाईनं, माझी नजर चुकवून, जसा काही अपराध त्यानंच केला होता.

डॉक्टर म्हणाले, तापानं होतं असं कधी कधी, नस जळते. हुबळीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. बेळगावच्या डॉक्टरांनी तेच, फक्त फी जास्त घेऊन. अप्पांनी मग विचारणं सोडलं. आई म्हणायची, "मी पोरगं परत मागितलं होतं, ते त्यानं दिलं. कान वेगळे मागायचे असतात हे मला कुठं ठाऊक?" हे ती कुणाकुणाला सांगत बसायची, शेजारणींना, दूधवाल्याला. आणि मी तिथंच गवार मोडत बसलेली असायची. मला माहीत होतं की देवाला वाजणारं नाणं द्यायचं होतं आणि मी न वाजणारं दिलं. मला हेही माहीत होतं की असं काही नसतं. दोन्ही एकदम माहीत असणं म्हणजे काय, ते मी कुणाला सांगू?

लढाईत गिरीला जाणं जमेना. गाडीत पाय ठेवायला जागा नसे, अप्पांचा पैसा डॉक्टरांत गेलेला. ती पिवळी पुरचुंडी देवघरात तीन वर्षं राहिली. शनिवारी आई तिला ओवाळायची. फुलं वाहायचं काम माझं. रोज सकाळी माझी बोटं तिच्याजवळ जायची. गाठ सोडावी, बद्द्या काढून तक्कडीचा ठेवावा, पुन्हा बांधावी. कुणाला कळलं असतं? पण गाठ सोडली की नवस मोडतो, आणि नवस मोडला आणि अण्णाला पुन्हा काही झालं तर? त्या पाच मिनिटांत जे माझ्या हातात होतं, ते पुढं कधीच माझ्या हातात आलं नाही. आईला सांगावं असं हजारदा वाटलं. पण तिनं त्या दिवशी डोळे मिटले होते, तिनं नाणं बघून घेतलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं मला सोडून दिलं असतं आणि दोषी स्वतःला धरलं असतं. तिचा स्वभाव मला ठाऊक होता.

अण्णानं मॅट्रिक केलीच नाही. गावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. तिथल्या यंत्राच्या धडधडीत इतरांचे कान किटायचे, याला बरं होतं. घरात एक पाटी आली. आम्ही त्यावर लिहायचं, तो वाचायचा आणि तोंडानं उत्तर द्यायचा. बोलणं त्याचं गेलं नव्हतं, फक्त ते फार मोठं झालं होतं. किती मोठं ते त्याला कळायचं नाही आणि सांगवत नसे. नाणी त्यानं पुन्हा काढली नाहीत. डबा माझ्या पेटीत होता.

लढाई संपल्यावर आम्ही गिरीला गेलो. आई, अण्णा आणि मी. अप्पांना रजा मिळाली नाही. आईनं मुडुपू पोटाशी बांधून नेलं. मी तक्कडीचा पैसा कमरेला खोचून नेला, कुणाला न सांगता. रांगेत पाच तास. चहूकडून "गोविंदा, गोविंदा" असा कल्लोळ, आणि त्यात अण्णा शांत, लोकांच्या उघड्या तोंडांकडं बघत चाललेला. पाटी खाली चपलांपाशी राहिली होती.

तिथली हुंडी कापडाची असते. मोठ्ठी, खोल, कापडानं मढवलेली. आईनं पुरचुंडी दोन्ही डोळ्यांना लावली, अण्णाच्या कपाळाला लावली आणि आत सोडली. आवाज आला नाही. तिच्या मागोमाग मी कमरेचा पैसा काढला आणि टाकला. त्याचाही आला नाही. राणीछाप टाका, बद्द्या टाका, तिथं सगळं सारखंच गुपचूप पडतं. मी उभी राहिले असते अजून, पण मागच्यांनी ढकललं.

अण्णानं पाहिलं होतं. तो ओरडलाच, आजूबाजूचे वळून बघतील इतक्या मोठ्यानं, "सिंधे! तक्कडीचा का टाकलास? तक्कडीचा का टाकलास?" आई दचकली. "काय म्हणतोय गं? काय टाकलंस?" मी मान हलवली. सांगायला पाटी नव्हती आणि त्याला ऐकू येत नव्हतं आणि आईला येत होतं. तसेच ढकलले जात आम्ही बाहेर आलो.

खाली चपलांपाशी येताच त्यानं पाटी उचलली, माझ्या हातात दिली आणि पेन्सिल पुढं केली. आई दोन पावलांवर पायरीवर बसून गुडघे चोळत होती. मी लिहिलं, "त्या दिवशी आईनं चांगलं मागितलं होतं. मी बद्द्या दिला."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं आईकडं पाहिलं, पाटीवर थुंकी लावून ती तळहातानं पुसली, दोनदा पुसली आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली. तीन वर्षांत त्यानं त्या पाटीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याला लिहायची गरजच नव्हती, तो बोलायचा. आपला आवाज केवढा झालाय हे त्याला ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं लहान अक्षरात लिहिलं, "आईला सांगू नको." आणि मी वाचेपर्यंत थांबून तेही पुसलं.

"काय लिहितोय गं एवढं?" आईनं विचारलं.

"भूक लागलीय म्हणतो," मी म्हटलं.

आई उठली, पदराची गाठ सोडली आणि त्यातला प्रसादाचा मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. अण्णानं तो खाल्ला.